पिंजरा शिकवत नाही

आमची कुत्री हळदी नऊ महिन्यांची असताना, मार्चमधल्या एका रात्री तिने हॉलमधल्या पायपुसण्यावर शू केली. त्याआधीचे सहा महिने ती रोज रात्री क्रेटमध्ये, म्हणजे दार लावता येणाऱ्या पिंजऱ्यात, झोपत होती आणि त्या सहा महिन्यांत रात्री घरात एक थेंबही पडला नव्हता. क्रेटचं दार उघडं ठेवायला लागून तीनच रात्री झाल्या होत्या, चौथ्या रात्री हे घडलं. सकाळी मी आमच्या प्रशिक्षकांना फोन केला. ते म्हणाले, “पाहिलंत? म्हणूनच सांगत होतो. परत क्रेटमध्ये टाका आणि दोन वर्षांची होईपर्यंत हा विषय काढू नका. बाहेर काढलं की शिकवलेलं सगळं जातं.”

हा लेख त्या शेवटच्या वाक्याचा प्रतिवाद आहे. ते वाक्य एकट्या त्या गृहस्थांचं नाही. तेव्हापासून मी ते सोसायटीच्या बागेत ऐकलं आहे, पशुवैद्यांच्या बाकावर नंबरची वाट बघताना ऐकलं आहे, पहिल्यांदाच पिल्लू आणलेल्या भांबावलेल्या जोडप्यांच्या तोंडून ऐकलं आहे. ते चुकीचं आहे, आणि त्याच्यापायी कितीतरी जनावरांची उमेदीची दोन वर्षं तीन फूट बाय दोन फुटांत जातात. म्हणून त्याच्याशी नीट भांडायला हवं.

आधी त्या बाजूचं म्हणणं पूर्ण ताकदीने मांडते, कारण त्यात खरं बरंच आहे. कुत्रं झोपतं तिथे घाण करत नाही. क्रेट बेताचा असला, म्हणजे उभं राहता येईल, वळता येईल, पसरता येईल इतकाच, तर ही उपजत सवय पिल्लाला रात्रभर आवरून धरायला लावते. लहान पिल्लाचा ताबा कच्चा असतो. जितके महिने वय, त्यात एक मिळवून येतील तितके तास, असा ढोबळ हिशोब सगळे सांगतात. आणि घरात एकदा झालेली शू वास मागे ठेवते, तो वास पुन्हा त्याच जागी बोलावतो, म्हणजे प्रत्येक चूक हा पुढच्या चुकीचा सराव ठरतो. इथपर्यंत माझा काही वाद नाही. पण यातून ‘म्हणून सवय पक्की होईपर्यंत पिंजऱ्यातच झोपवा’ हा निष्कर्ष निघत नाही. त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: पिंजऱ्यात काढलेली प्रत्येक कोरडी रात्र पिंजऱ्याबाहेरच्या कोरड्या रात्रीची तयारी करते. ती करत नाही.

का करत नाही हे समजायला पिल्लाच्या पहिल्या दोन महिन्यांकडे जावं लागेल. जन्मल्यावर पहिले काही आठवडे पिल्लाला स्वतःहून शू-शीसुद्धा करता येत नाही. आई चाटते तेव्हा ती होते आणि आईच ते साफ करते. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पाय धड चालायला लागले की पिल्लू धडपडत बिछान्याच्या कडेबाहेर जाऊन बसायला लागतं. कुणी शिकवत नाही. पुढे सातव्या-आठव्या-नवव्या आठवड्यात त्याची जागेची आणि पायाखालच्या स्पर्शाची आवड ठरायला लागते: माती, गवत, वाळू, कागद, जे त्या दिवसांत पायाखाली असेल ते. अमेरिकेतल्या बार हार्बरमध्ये स्कॉट आणि फुलर या दोघांनी पाच जातींच्या पिल्लांची वाढ वर्षानुवर्षं टिपून ठेवली आणि १९६५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. आजही पिल्लाच्या वाढीच्या टप्प्यांबद्दल बोलताना लोक त्याच कामाकडे जातात.

या निसर्गात ‘घर’ नावाची गोष्ट कुठेच नाही. आहे तो बिछाना. पिल्लाला उपजत कळतं ते एवढंच, की बिछान्यावर नाही, बिछान्यापासून दूर. आमचा अकराशे चौरस फुटांचा फ्लॅट, त्यातल्या दोन झोपायच्या खोल्या, हॉल, पॅसेज, हे सगळं मिळून एकच ‘आत’ आहे, ही कल्पना माणसाची आहे. ती कुत्र्याला द्यावी लागते, चौरस फुटाने चौरस फूट द्यावी लागते. क्रेट ती देत नाही. उलट क्रेट रोज रात्री एक भक्कम रेघ ओढून सांगतो की तुझा बिछाना इथे संपतो.

आता हळदीची ती रात्र पाहा. तिला तहान लागली असेल, जाग आली असेल. ती गोधडीवरून उठली, उघड्या दारातून बाहेर आली, बिछान्यापासून बारा-पंधरा पावलं दूर गेली, तिथे पायाला मऊ आणि ओल शोषणारं काहीतरी लागलं, तिथे बसली. तिने शिकलेलं विसरण्याचा प्रश्नच नव्हता. जेवढं शिकवलं होतं, तेवढं तिने तंतोतंत केलं होतं. ‘झोपतो तिथे नाही’ हा धडा सहा महिने गिरवून घेतला होता, ‘या भिंतींच्या आत कुठेच नाही’ हा धडा रात्रीपुरता कधी सुरूच झाला नव्हता. आणि पायपुसणंच का? तर तिसरी लस होईपर्यंत पार्व्हो या विषाणूच्या भीतीने आम्ही तिला खाली नेलं नव्हतं आणि ती बाल्कनीत वर्तमानपत्रावर, पॅडवर बसायची. मऊ, सपाट, शोषणारं, चौकोनी. पायपुसण्याचं वर्णन याहून वेगळं काय करणार? फ्लॅटमध्ये वाढलेली पिल्लं गुळगुळीत टाइल्स सोडून नेमकी पायपुसणी, गालिचे आणि न्हाणीघराबाहेरची चटईच का ओली करतात, हे कोडं त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत सुटतं.

दुसरा मुद्दा वयाचा. नऊ महिन्यांची कुत्री क्रेटमध्ये सलग आठ तास कोरडी राहते, याचा अर्थ तिचं मूत्राशय आठ तास धरू शकतं. ताकद आलेली आहे. मग दोन वर्षांपर्यंत कशाची वाट पाहायची? उणीव जागेच्या समजेची आहे आणि ती समज बंद दाराआड वाढत नाही. दोन वर्षांची झाल्यावर दार उघडलं असतं, तरी पहिल्या आठवड्यात ती त्याच पायपुसण्यापाशी आली असती. फरक इतकाच, की मोठी झाल्यामुळे शू जास्त झाली असती.

आणखी एक नुकसान होतं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बंद क्रेटमधलं पिल्लू अडचण आली की कुंईकुंई करतं, दार खरवडतं, माणूस उठतो. आवाज हा दार उघडण्याचा मार्ग असतो. दार उघडं असेल तर आवाज करण्याचं कारणच उरत नाही; ते उठून सरळ जातं. म्हणजे ज्या दिवशी आपण दार उघडतो, त्याच दिवशी रात्री उठवण्याची आपली एकमेव सोय जाते आणि तिच्या जागी आपण दुसरं काही ठेवलेलं नसतं. मग पहाटे चार वाजता जे होतं त्याला ‘कुत्रं बिघडलं’ म्हणतात.

आम्ही त्या जागी घुंगरू ठेवलं. गाईच्या गळ्यात असतं तसलं छोटं पितळी घुंगरू, रात्री पट्ट्याला बांधायचं, सकाळी काढायचं. कूस बदलली की ते एकदाच किणकिणतं, उठून चालू लागली की सलग वाजतं. तिसऱ्या रात्रीपासून माझ्या झोपेला हा फरक कळायला लागला.

बाकीचं सांगते, कारण नुसतं ‘हळूहळू करा’ म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. आधी दिवसा आमची झोपायची खोली तिची करून घेतली. रात्रीचं जेवण त्या खोलीत, रोज वेगळ्या कोपऱ्यात वाटी ठेवून. खातो तिथेही कुत्रं सहसा घाण करत नाही. दुपारी तासभर मी तिथेच जमिनीवर पुस्तक घेऊन लोळायचे आणि ती माझ्या पायाशी झोपायची. चारही कोपऱ्यांना खाण्याचा आणि झोपेचा वास लागायला आठ-दहा दिवस गेले. मग क्रेट हॉलमधून उचलून माझ्या पलंगाला टेकवून ठेवला, क्रेटचं दार उघडं, खोलीचं दार बंद, खोलीतली पायपुसणी आणि सतरंजी गुंडाळून माळ्यावर. तीच जुनी गोधडी, मुद्दाम न धुता.

रात्रीचं जेवण सातला, शेवटची फेरी अकराला. आणि पहाटे तीनचा गजर. हा गजर ती उठायच्या आधी मी उठण्यासाठी होता, यात सगळं आलं. तिला पट्टा लावून लिफ्टने खाली, फाटकाजवळ रंगकामानंतर उरलेल्या वाळूच्या ढिगापाशी. (ती कात्रजजवळच्या एका बांधकामावर जन्मलेली आहे. वाळू दिसली की आजही तिचे पाय आपोआप मंद होतात.) गप्पा नाहीत, खेळ नाही, दोन शब्द, ‘शू कर’. झाली की तिथल्या तिथे, त्याच क्षणी, उकडलेल्या चिकनचा तुकडा. वर आल्यावर दिलेला तुकडा लिफ्टमधून वर येण्याचं बक्षीस होतो, शूचं होत नाही. रात्रपाळीचे वॉचमन पहिल्या आठवड्यात खुर्चीतून उठून विचारायचे, “ताई, आजपण?” नंतर ते आम्ही येण्याआधीच ढिगाजवळचा दिवा लावून ठेवायला लागले. दर चार रात्रींनी गजर अर्धा तास पुढे. तीनचे साडेतीन, चार, असं करत साडेपाचला आणून थांबवलं, कारण तेव्हा मी एरवीही उठतेच.

सलग चौदा कोरड्या रात्री झाल्याशिवाय पुढची पायरी घ्यायची नाही, हे एकच बंधन आम्ही स्वतःवर घातलं होतं. त्या झाल्यावर क्रेटचं दार बिजागरीतून काढून टाकलं. मग क्रेट हलवून नुसती गोधडी त्याच जागी. मग खोलीचं दार उघडं आणि पॅसेजच्या तोंडाशी लहान मुलांसाठी लावतात तसलं फाटक. मग हॉल. एप्रिलच्या सुरुवातीपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वेळ लागला. त्या काळात दोन चुका झाल्या. दोन्ही वेळा आम्ही एक पायरी मागे गेलो, क्रेटपर्यंत मागे गेलो नाही. प्रशिक्षकांच्या सल्ल्यातली खरी चूक मला इथे दिसते. शिडीच्या सातव्या पायरीवर पाय घसरला तर सहाव्यावर यायचं असतं, जमिनीवर उतरून दोन वर्षं बसायचं नसतं.

‘पण एकेकाचा स्वभाव असतो, ती तुम्हाला जोखते आहे,’ असंही मला सांगितलं गेलं. तिला कळतं, म्हणूनच सकाळी कान पाडून, नजर चुकवून बसते, हा त्याचा पुरावा. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली चौदा कुत्र्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मालक खोलीबाहेर जायचा, परत आल्यावर त्याला कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला आहे किंवा नाही ते सांगितलं जायचं, आणि हे सांगणं कधी खरं असायचं, कधी खोटं. ‘अपराधी चेहरा’ कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसायचा. खाऊला तोंडही न लावलेल्या, पण बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांवरही. कान पाडणं ही आपल्या आवाजाला आणि चेहऱ्याला दिलेली प्रतिक्रिया आहे. ज्या घरात सकाळच्या डबक्यावरून आरडाओरडा होतो, त्या घरातलं कुत्रं डबकं आणि माणूस एकत्र आले की काहीतरी भयंकर घडतं एवढंच शिकतं. मग ते माणसासमोर शू करणंच टाळतं. खाली नेलं तर वीस मिनिटं नुसतं हुंगतं आणि वर आल्यावर सोफ्यामागे जाऊन करतं. त्यालाच पुढे ‘मुद्दाम करतो’ म्हणतात. कुत्र्याचं नाक त्याच शूमध्ये घासणं ही आमच्या लहानपणी सर्रास चालणारी क्रूर गोष्ट अजून संपलेली नाही. ब्रिटनमध्ये ३६४ कुत्रामालकांकडून माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २००४ साली आला. त्यात बक्षिसाने शिकवलेली कुत्री अधिक ऐकणारी होती आणि शिक्षेच्या वापराबरोबर वागण्याचे त्रास वाढलेले दिसले.

सगळ्या डबक्यांना एकच उत्तर, क्रेट, याला माझा आणखी एक आक्षेप आहे. डबकी एकसारखी नसतात. कुत्री गाढ झोपेतून उठते आणि गोधडी तिच्या अंगाखालीच ओली असते, तिला पत्ताही नसतो, तर ती पशुवैद्यांची गोष्ट आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग माद्यांमध्ये नवलाचा नाही आणि लघवीची तपासणी हे त्याचं पहिलं पाऊल. थोडी थोडी, वारंवार, कण्हत होणारी शूही तिथलीच. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. सात-आठ महिन्यांचा नर टेबलाच्या पायावर पाय वर करून चार थेंब टाकतो, ते मूत्राशय रिकामं करणं नसतं, वयात येण्याची खूण असते. पाहुणे आल्यावर पोट टेकून होणारी शू भीतीची आणि नम्रतेची असते. आणि बिछान्यापासून दूर जाऊन दारापाशी झालेली भरपूर शू असते ती ‘मला जायचं होतं, सांगता आलं नाही’ अशी. यातल्या शेवटच्या एकाच प्रकाराचा झोपायच्या जागेशी संबंध आहे, आणि त्यातही क्रेट सांगायला शिकवत नाही. संसर्ग झालेल्या जनावराला रात्रभर कोंडून स्वतःच्याच लघवीत झोपायला लावणं म्हणजे काय, याचा विचार करवत नाही.

काही पिल्लांच्या बाबतीत तर क्रेटचा पायाच डळमळीत असतो. जी पिल्लं दुकानातल्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढली, जिथे खाणं, झोपणं आणि घाण एकाच जागी होतं, त्यांची ‘बिछान्यावर नाही’ ही उपजत सवयच मोडलेली असते. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दुकानातून आणलेली आणि घरगुती पैदाशीची कुत्री ताडून पाहिली होती. दुकानातल्या कुत्र्यांमध्ये घरात घाण करण्याचं प्रमाण जास्त आढळलं. अशा पिल्लाला क्रेटमध्ये ठेवून ‘आवरेल’ म्हणून वाट पाहणाऱ्यांना सकाळी घाणीने माखलेलं पिल्लू मिळतं, आणि दोष पिल्लाला दिला जातो.

कुत्रं हा गुहेतला प्राणी आहे, त्याला पिंजरा आवडतोच, हे आणखी एक विधान ठामपणे केलं जातं. वेत झाल्यावर मादी काही आठवडे खड्डा, नळकांडं, जिन्याखालची जागा धरून बसते, हे खरं. पण पिल्लं चालायला लागली की ती जागा सुटते. पुण्यातल्या कुठल्याही गल्लीत दुपारी बारा वाजता बघा, मोठी कुत्री हातगाडीखाली, वाळूवर, दुकानाच्या पायरीवर मोकळी पसरलेली असतात. आणि त्या बिळाला बाहेरून लागणारी कडी नसते. आडोसा आवडणं आणि कोंडलं जाणं यांतला फरक त्या कडीत आहे. दिवाळीत फटाके सुरू झाले की हळदी आपणहून क्रेटमध्ये जाऊन बसते, वर चादर टाकलेली असते, दार उघडं असतं. पाय मोडल्यावर, शस्त्रक्रियेनंतर, गाडीच्या प्रवासात क्रेट लागतोच. तारा कुरतडणाऱ्या चार महिन्यांच्या पिल्लाला तासभर क्रेटमध्ये ठेवून घरातलं माणूस अंघोळीला गेलं तर त्यात काही गैर नाही. माझा विरोध त्या वस्तूला नाही. तिला शिक्षक म्हणण्याला आहे.

आणि पिंजऱ्याशिवाय शहरात पिल्लं शिकतच नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी स्वीडनकडे पाहावं. तिथे घरात कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवायला नियमाने मनाई आहे. प्रवास, स्पर्धा, शिकार असे ठरावीक अपवाद आहेत. कुत्र्याला दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर न्यावं आणि पिल्लाला त्याहून जास्त वेळा, असं तिथलं सरकारी मार्गदर्शन सांगतं. फिनलंडमध्येही बंद पिंजरा फक्त प्रवास किंवा आजारपणासारख्या तात्पुरत्या कारणांसाठी चालतो. हे दोन्ही देश वर्षातले कितीतरी महिने बर्फात असतात, लोक फ्लॅटमध्ये राहतात, नोकऱ्या करतात, आणि त्यांची कुत्री घरात कोरडी राहायला शिकतात. आपल्याकडच्या १९६०च्या प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अकराव्या कलमातही, प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं आणि सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं, हे दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. दंड हास्यास्पद असला तरी त्या कायद्याने कुत्र्याचं वेगळं नाव घेतलं आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

आता दुसऱ्या बाजूशी दोन शब्द, कारण माझं म्हणणं तिच्या खात्यात जमा व्हावं अशी माझी इच्छा नाही. ‘आमच्या गावाकडे कुठे होते पिंजरे? कुत्री आपोआप शिकायची. सोडा मोकळी एक रात्र, होईल सवय.’ गावाकडची कुत्री ओट्यावर, गोठ्याच्या तोंडाशी, खळ्यावर झोपायची. त्यांना घाण करता येईल असं घरच मिळालेलं नव्हतं. उंबऱ्याच्या आत त्यांना येऊच देत नसत. ती काही शिकली नव्हती, त्यांना शिकण्याची गरज पडली नव्हती. पाचव्या मजल्यावरच्या पिल्लाला दहा फूट चालल्यावर माती लागत नाही. त्याच्या आणि मातीच्या मध्ये तीन दारं, एक लिफ्ट आणि एक झोपलेला माणूस असतो. काही सोसायट्या तर लिफ्टही नाकारतात, ज्यावर प्राणी कल्याण मंडळाने २०१५मध्येच स्पष्ट सांगितलं आहे की तशी बंदी घालता येत नाही. अशा ठिकाणी पिल्लाला एका रात्रीत सगळं घर मोकळं करून देणं म्हणजे न शिकवता परीक्षेला बसवणं. पिंजरावाले आणि मोकळं सोडणारे दोघेही एकाच कामातून अंग काढून घेतात. मधल्या दोन-तीन महिन्यांतलं रात्रीचं उठणं त्यांना नको असतं.

त्या उठण्याऐवजी पाणी तोडण्याचा सल्लाही मिळतो: संध्याकाळी सहानंतर वाटी उचला. एप्रिल-मे महिन्यात महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत दिवसभर तापलेल्या भिंती रात्रीही धग टाकत असतात. पिल्लू धापा टाकून अंगातली उष्णता घालवतं, त्यात पाणी खर्च होतं. त्याला बारा तास कोरडं ठेवू नये. जेवण लवकर द्या, भरपूर खेळवून, भरपूर पाजून झोपायच्या आधी फेरी मारा, पण वाटी भरलेली असू द्या. तसंच फिनाइल. त्याच्या उग्र वासाने आपल्याला जागा स्वच्छ झाली असं वाटतं, कुत्र्याच्या नाकाला त्याखालचा शूचा वास तसाच लागतो. वर ते पंजाला लागून चाटलं गेलं तर अपाय. अमोनिया असलेली द्रावणंही नकोत; लघवी कुजल्यावर तोच वास येतो. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा, आणि ओलं झालेलं पायपुसणं धुऊन परत त्याच जागी टाकू नका. आम्ही ते देऊनच टाकलं.

मला सगळ्यात जास्त सलतं ते तासांचं गणित. आई-बाबा दोघंही नोकरीवर, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात कुत्रं क्रेटमध्ये, कारण तार चावेल. रात्री अकरा ते सकाळी सहा क्रेटमध्ये, कारण शू करेल. सतरा तास. उरलेल्या सातांत दोन फेऱ्या, दोन जेवणं आणि घरच्यांच्या जेवणाच्या वेळी ‘जागेवर जा’. अशा घरात गालिचा कोरडा असतो आणि ‘आमचा एकदम ट्रेंड आहे’ असं अभिमानाने सांगितलं जातं. मी एका अशा कुत्र्याला भेटले आहे, दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर, मांड्यांचे स्नायू बारीक झालेले, लिफ्टमधून बाहेर येताच पहिल्या खांबापाशी जवळजवळ दीड मिनिट शू करत उभा राहणारा. त्याच्या मालकिणीला मी वाईट म्हणणार नाही, तिला जो सल्ला मिळाला तो तिने प्रामाणिकपणे पाळला होता. दिवसा कुणीतरी येऊन अर्धा तास फिरवून जाईल अशी सोय, शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला पैसे देऊन का होईना, तिला करता आली असती. पण कुत्रं कोरडं होतं, म्हणून तिला अडचण दिसलीच नाही. क्रेटने ती झाकून ठेवली होती.

हळदीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर मी फक्त सोयीचा भाग सांगितला असं होईल. जूनच्या शेवटी ती हॉलमध्ये मोकळी झोपायला लागली आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. तिला पावसाचा तिटकारा आहे. रात्री अकराला खाली नेलं की ती पार्किंगच्या कडेला उभी राहून पागोळ्यांकडे बघायची आणि काहीही न करता लिफ्टकडे वळायची. तीन रात्रींत दोनदा हॉलमध्ये डबकं. मी प्रशिक्षकांना फोन केला नाही. तिला पुन्हा माझ्या खोलीत घेतलं, दार बंद, घुंगरू बांधलं, गजर चारवर आणला. वॉचमनकडून जुनी ताडपत्री मागून जिन्याखालच्या कोरड्या कोपऱ्यात पसरली आणि त्यावर घमेलंभर वाळू ओतली. पहिल्या रात्री ती नुसती हुंगून आली. दुसऱ्या रात्री पावणेपाचला तिथे बसली. चिकनचा तुकडा माझ्या पावसाळी जाकिटाच्या खिशात होता, तो काढेपर्यंत ती माझ्याकडे एकटक बघत उभी होती.